आधी पत्र की आधी पैसे?

मुंगीची आई बँकेत शिरली ती पार्लरचा एप्रन अंगावर ठेवूनच. तिची पोरगी मुंगी गुरांची डॉक्टर व्हायला निघालेली, आणि आज संध्याकाळपर्यंत दुसऱ्या वर्षाची फी पोचली नाही तर तिचं नाव पटावरून उडणार होतं. कर्ज मंजूर होतं हो! पण पैसा बँकेतून थेट कॉलेजात जायचा, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

"कॉलेजचं मागणीपत्र आलं की लगेच हप्ता सोडतो," कर्ज बघणारे साहेब म्हणाले.

"अहो, नाव नोंदल्याशिवाय पत्र देत नाहीत, आणि फी भरल्याशिवाय नाव नोंदत नाहीत! पोरगी सकाळपासून खिडकीपुढं उभी आहे. तिथल्या कॅशियरबाईंना एक फोन करा की!"

साहेबांनी उगाच पेपरवेट फिरवला. "ती माझी बायको आहे. परवापासून अबोला आहे."

आईनं कपाळावर हात मारला. पण नवऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत ऐकतच तिनं इतकी वर्षं बायकांचे केस कापले होते. ती कसली हार मानते! तिनं मुंगीला फोन लावला, "कॅशियरबाईंना दे," म्हणाली आणि स्पीकर चालू करून फोन साहेबांपुढं धरला.

"अगं, ते मागणीपत्र..." साहेब पुटपुटले.

"माझी आई दोन तास स्टँडवर बसून होती!" पलीकडून आवाज कडाडला. "आणायला कोण जाणार होतं?"

अख्खी बँक कान टवकारून ऐकायला लागली.

"ताई," मुंगीची आई मध्ये पडली, "यांना घरी गेल्यावर चांगलं फैलावर घ्या, वाटलं तर मी मदतीला येते. पण तुमची आई उशिरा का होईना, घरी पोचली. माझ्या पोरीचं वर्ष गेलं, तर ते मी कुठल्या स्टँडवर शोधू?"

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"पत्र आत्ता पाठवते," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी आधी चुकलो म्हणायचं. मोठ्यानं."

साहेब खुर्चीतून उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चुकलो!" आधी शिपाई फिसकन हसला, मग रांगेतले सगळेच.

पत्र आलं, हप्ता गेला. "पुढच्या खेपेला पत्र महिनाभर आधीच मागवून ठेवतो," साहेब घाम पुसत म्हणाले.

थोड्या वेळानं फोन वाजला. "आई, नाव लागलं! ठेवते हं, प्रॅक्टिकल सुरू झालंय, गाय खोळंबलीय!"

लेकीनं एका गायीपायी आईचा फोन कापला, आणि आई तिथंच बाकड्यावर बसून हसता हसता रडली.