नातं: मामा

मी जन्माची नोंदवही बोलतेय. व्हय, वहीच. तोंड वेंगाडू नका, पाचशे माणसांचं नाव, गाव आणि जन्मवेळ माझ्या पोटात आहे. त्यातल्या निम्म्यांना स्वतःची जन्मतारीखही धड ठाऊक नाही.

गुलमंडीच्या बाजारामागं एका बाइंडिंगवाल्यानं मला शिवलं, पाठीला लाल कापड चिकटवलं आणि मी शहराच्या कडेच्या एका ग्रामपंचायतीत रुजू झाले. तिथले ग्रामसेवक तात्यासाहेब. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. माझ्यावर चहाची बशी ठेवायचे आणि समोरचा जे बोलेल ते निमूट लिहून घ्यायचे.

बापांचा मला अनुभव दांडगा. मुलगा झाला की पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः हजर, आणि नावातली वेलांटी चुकली की भांडायला तयार. तिसरी मुलगी झाली की शेजाऱ्याला धाडायचे. पण अंगदसारखा बाप मी दुसरा पाहिला नाही.

तो दोन हजार तेराचा उन्हाळा. गावाला आठ दिवसांतून एकदा टँकर, आणि गावाच्या कडेला मात्र फ्लॅट उठत होते, त्यांच्या स्लॅबवर रोज पाणी मारलं जात होतं. अंगद त्याच बांधकामावर कामाला. धनगराचा पोरगा, चारा-पाण्यावाचून मेंढरं विकून आलेला. शंभर मेंढरांत कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे अंधारात सांगणारी ही माणसं. तो तात्यासाहेबांपुढं उभा राहिला.

"आईचं नाव?"

"अंबिका."

"बापाचं?"

अंगद नुसता चुळबुळत राहिला. तात्यासाहेबांनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली.

"तुम्ही कोण बाळाचे?"

"मामा," अंगद म्हणाला. खबर देणाऱ्याच्या रकान्यात नातं 'मामा' लिहिलं गेलं आणि त्यानं खाली सही ठोकली.

आता हे निव्वळ खोटं म्हणावं, तर तसंही नाही. अंबिका त्याच्याच गावची. आपल्याकडं गावातली पोरगी म्हणजे बहीण, तिच्या लेकराचा अख्खा गाव मामा. त्यात हा धनगर, ती जमीनजुमलेवाल्यांची. लग्नाचं नाव काढलं असतं तर भावकीनं दोघांना जित्तं ठेवलं नसतं, म्हणून तर दोघं शहराकडं पळून आली. पण मला राग याचा येतो, की पोरगी पळवताना ज्याला गावनातं आडवं आलं नाही, त्याला रकाना भरताना ते बरं आठवलं.

पुढं मी भरले. गावही शहरानं गिळलं, ग्रामपंचायतीची पाटी उतरली. मला टेम्पोत टाकून महानगरपालिकेच्या एका कपाटात कोंबलं. तिथं माझ्या कोपऱ्यांना कसर लागली. कुणी साधं उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

दोन हजार एकोणीसला, पुन्हा टँकर सुरू झाले त्या साली, मला एकदम कोर्टात बोलावणं आलं. अंबिका काविळीनं गेली होती. तिचा भाऊ सोमनाथ पोरीला, म्हणजे ज्ञानेश्वरीला, न्यायला आला होता. परजिल्ह्यातल्या वसतिगृहात टाकायचं आणि विषय मिटवायचा, एवढाच त्याचा विचार. सहा वर्षांत बहिणीच्या दारी न फिरकलेला हा खरा मामा. तेव्हा कुठं अंगद जागा झाला आणि म्हणाला, ती माझी लेक आहे. बैल गेला अन् झोपा केला.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या वकील मोनिकाताई त्याला समजावत होत्या. "कायदा सोपा आहे. लग्नाशिवाय झालेल्या लेकराची पालक आधी आई. आई गेली की बाप. पण बाप तुम्हीच, हे सिद्ध करावं लागेल. नोंदीच्या वेळी दोघांनी मिळून सांगितलं असतं, तर तेव्हाच तुमचं नाव लागलं असतं."

"अंबिका दरसाल म्हनायची, नाव लाव," अंगद म्हणाला. "म्या म्हनायचो, औंदा पाऊस पडू दे, मंग बघू."

पाऊस पडला नाही म्हणून बाप व्हायचा राहिलेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आत सोमनाथच्या वकिलानं मला उघडून जजसाहेबांपुढं धरलं. "सही यांचीच आहे. नातं मामा. आता हे बाप म्हणतात. उद्या आजोबा म्हणतील." लोक हसले. खरं सांगते, मीही हसले.

मग अंगदची घरमालकीण लीलाबाई साक्षीला आली. सोमनाथच्या वकिलानं विचारलं, हे तर अंबिकाचा भाऊ म्हणूनच तुमच्या खोलीत राहत होते ना?

"म्हनायचे तसं," लीलाबाई म्हणाली. "पर सायेब, भाऊ रोज सकाळी भैनीचं लुगडं वाळत घालीत नसतो."

साहेबांनी डीएनएसाठी रक्ततपासणीचा आदेश दिला. अहवाल आला, बाप अंगदच. जे सांगायला एक शब्द पुरला असता, ते नळीभर रक्तानं सांगितलं.

तरी निकालाआधी साहेबांनी पोरीला जवळ बोलावलं. तिचं भलं कशात आहे, हे कोर्टाला बघावंच लागतं. "बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय?"

"मामाजवळ," ती म्हणाली.

सोमनाथ शर्ट सारखा करत उठून उभा राहिला. पोरगी त्याच्या बाजूनं निघून गेली आणि मागच्या बाकावर बसलेल्या अंगदच्या मांडीवर जाऊन बसली. अंगद ढसाढसा रडला. मला त्याची दया आली नाही. त्या पोरीची आली. बाप समोर असून तिला त्याला बाप म्हणता येत नव्हतं.

निकाल लागला. अंगद बाप, अंगदच पालक, आणि नोंद दुरुस्त करावी. पण माझ्यातलं जुनं खोडायचं नसतं, तसा नियमच आहे. दुरुस्ती समासात लिहायची, मूळ अक्षर राहू द्यायचं. कारकुनानं समासात लिहिलं, 'वडील: अंगद मल्हारी'. आत 'मामा' तसाच राहिला.

दाखला घ्यायला दोघं आली होती. पोरगी पहिलीत गेलेली, बोट ठेवून ठेवून वाचत होती.

"मामा, हितं वडील लिवलंय. अन् हितं मामा. हे दोन मानसं हायेत का?"

"नाय. दोनी मीच."

"मंग आधी मामा का लिवलं?"

"भ्यालो व्हतो."

"कुनाला? मला?"

"नाय गं. गावाला."

"गाव तर लई लांब हाय," ती म्हणाली.

कारकुनानं मला मिटलं.

आता मी परत कपाटात. नोंदी संगणकावर गेल्यात, मला कसर खाऊन टाकील तेव्हा कुणी रडणारही नाही. पण माझ्यासारख्या किती वह्यांत आडव्या रेघा पडून आहेत, आणि त्या रेघांचे बाप शेजारच्याच खोलीत मामा, काका, पाहुणे म्हणून जेवतायत. बाबांनो, माझं नका ऐकू, मी तोंडाची फटकळ. त्या पोरीचं ऐका.