वडिलांना गुंडाळलेले कागद

पुलापलीकडे चीनमध्ये काय पेटलंय, ते आमच्या कचेरीतल्या इंग्रज पेंबर्टन साहेबाला रोजच्या रोज हवं असायचं. दंडावर लाल पट्टे बांधलेल्या पोरांनी कुठलं गाव ताब्यात घेतलं, लष्कर कोणाच्या बाजूला. म्हणून सरहद्दीवरच्या लोवूच्या पुलावरून हाँगकाँगात परतणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना खोलीत बसवून तो त्यांचं डोकं खायचा. मी दुभाष्या. सदुसष्टच्या वसंतात पूर्वजांची थडगी झाडून परतणाऱ्यांत माझीच आई समोर येऊन बसली. ती माझी आई हे मी साहेबाला सांगितलं नाही. त्यानं लगेच दुसरा दुभाष्या बोलावला असता.

साहेबानं तिची वेताची पेटी उघडली. आत पुड्याच पुड्या, आमच्या तालुक्याच्या वर्तमानपत्रात बांधलेल्या. तिकडची वर्तमानपत्रं बाहेर नेऊ देत नसत; त्या कागदासाठी तो कितीतरी महिने जीव टाकत होता.

"काय आहे यात?" मी आईला विचारलं.

"तुझा बाप. थडगी फोडतायत तिकडे. मग ठेवून येऊ त्याला?" ती म्हणाली. "त्या गोऱ्याला सांग, हात लावू नको. पायापासून क्रमानं लावलाय. हाडांच्या रांजणात उलटा बसला तर तुझ्याच मानगुटीवर बसेल."

"हाडं तिची तिला राहू देत," तिच्या नवऱ्याची हाडं आहेत एवढंच मी सांगितल्यावर साहेब म्हणाला. "मला फक्त कागद दे." काय पण उपकार! माझं डोकंच फिरलं.

आईनं मात्र होकारार्थी मान हलवली. टेबलावरच्या नकाशावर ती एकेक पुडी सोडत वडिलांना मांडत गेली, पायापासून वर. साहेब कागद सपाट करत मथळे वाचत होता.

शेवटी डोकं. ते लाल फडक्यात होतं. मी कोपरा उचलला. आतल्या बाजूला तिकडच्या पोरांच्या तुकडीचं नाव होतं, आणि शाईनं लिहिलेलं वाय-लाम. माझा धाकटा भाऊ.

"बापाच्या थडग्यावर पहिली कुदळ त्यानंच मारली," आई हळूच म्हणाली. "सगळे बघत होते ना. अंधार पडल्यावर हाडं वेचून त्यानंच आणून दिली. बापाचं डोकं उघडं कसं देऊ म्हणाला, दंडावरचा पट्टाच सोडला."

"ते कापड कसलं?" साहेबानं हात पुढे केला.

आमच्या कचेरीतली गोष्ट पुलापलीकडे जायला वेळ लागत नाही. हे नाव गेलं असतं तर वाय-लाम उरला नसता. मी फडक्याचा कोपरा परत दुमडला.

"आमच्यात डोकं लाल फडक्यातच बांधतात, साहेब. परक्यानं सोडायचं नसतं."

त्यानं अदबीनं हात मागे घेतला. 'गावांत जुने रिवाज शाबूत आहेत' असं लिहिलं आणि कागदांची चळत घेऊन आनंदानं निघून गेला.

मी कचेरीतले कोरे कागद आणले. आईनं वडिलांना परत पायापासून बांधायला घेतलं.

"रांजणात बसवताना डोकं तू ठेव, थोरला आहेस," ती म्हणाली. "पण ते फडकं सोडू नकोस. धाकटा काही आता यायचा नाही. त्याचं एवढं तरी बापाजवळ राहू दे."