रफलचा सराव

विद्यापीठाच्या वादविवाद स्पर्धेत माझी लेक रफल अंतिम फेरीला पोचली आणि चिठ्ठीत तिच्या वाट्याला विरोधाची बाजू आली. विषय असा: नागरिकांचा जीव वाचवायला परक्या फौजांनी देशात घुसावं. मोसुलमध्ये बसून असला विषय काढणाऱ्याच्या डोक्यात काय भरलंय, देव जाणे.

सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. लेकाच्या नावावरून माझ्या नवऱ्याला सगळे अबू नशवान, नशवानचा बाप, म्हणतात. ते म्हणाले, "मी बसतो."

मी डोलम्यासाठी द्राक्षाच्या पानांत भात भरत होते, हात तिथेच थांबला. "तुम्ही कशाला? गप चहा प्या ना."

"अगं, खरं सांगणारा माणूस नको का तिच्यासमोर?"

त्यांचं खरं मला पाठ होतं. आमचा नशवान परक्या विमानाच्या बॉम्बखाली गेला. पण आमच्या गच्चीवर बंदूकवाले होते. विमान आलं नसतं, तर त्यांनी अख्खी गल्ली मारली असती. पोरगा गेला, गल्ली वाचली. एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस सकाळी उठतो, दुकान उघडतो, चार घास खातो.

रफल उभी राहिली. घरात ही पोरगी इकडची काडी तिकडे करत नाही, पण बोलायला लागली की भल्याभल्यांची भंबेरी उडते. अबू नशवान कौतुकाने ऐकत होते. मग त्यांनी गच्चीची गोष्ट काढली.

"बंदूकवाले वर कधी चढले?" तिने विचारलं.

"आदल्या रात्री."

"आणि उतरले कधी?"

"पहाटे. जिन्यात बूट वाजले की त्यांचे."

"विमान आलं दुपारी. गच्ची रिकामी झाली म्हणून तर नशवान टाकीतलं पाणी आणायला वर गेला. मग विमानाने वाचवलं कुणाला?"

बोलून गेली आणि चेहरा पांढराफटक पडला तिचा. स्पर्धेची खोड ती. समोरचा सापडला की झडप घालायची. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ते बूट मीही ऐकले होते. इतकी वर्षं जीभ आवरून बसले होते.

"बाबा, थांबा, याला उत्तर आहे," ती घाईघाईने म्हणाली. "ते परत आले असते. तुम्ही असं म्हणा की..."

"तू काय, दोन्हीकडून बोलतेस, बाळ."

"मी नाव काढून घेते स्पर्धेतून."

"कशाला? जिंकशील. बरोबर आहे तुझं."

मग ते माझ्याकडे वळले. "मग आपला नशवान कशासाठी गेला गं?"

मी तोंड उघडलं. या माणसाला मी जन्मभर उलट उत्तरं दिली. त्याच्या बाजूने बोलायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.