अंगठ्याएवढी ढिलाई

नांगर जमिनीत घातला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाक जागचं हलायचं नाही. वर करपल्याचा वास. पिशोरच्या कडुबाने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. पुतणी श्रेया क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवते, त्यानेच क्लच जळतो.

ट्रॅक्टर चौऱ्याहत्तर सालचा, वडिलांनी घेतलेला, दोघा भावांत सामाईक. थोरला काकासाहेब तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ट्रॅक्टर एक आठवडा कडुबाकडे, एक आठवडा वहिनीकडे. वहिनी म्हणजे सुरेखा. तिची मुलगी श्रेया स्वतः स्टिअरिंगवर बसायची. गावाला त्याचं कौतुक होतं, कडुबाला नव्हतं. ट्रॅक्टर तिकडून आला की तो आधी टाकीत काठी घालून डिझेल मापायचा, मग टायर बघायचा, मग पॅडल चाचपायचा. मागच्या महिन्यात तर त्याने क्लचच्या पॅडलला गेरू फासून ट्रॅक्टर दिला आणि संध्याकाळी श्रेयाच्या चपलेला लागलेला गेरू वहिनीला दाखवला.

"क्लच दाबल्याबिगर गियर कसा टाकायचा, भाऊजी?" सुरेखा म्हणाली. "का त्याला हात जोडायचे?"

कडुबाने पॅडलचा गेरू पुसून टाकला. संशय मात्र तसूभर हलला नाही.

"मिस्त्री बोलवू," शेवटी तो म्हणाला. "पाय ठिवून प्लेट जाळली असं निघालं, तर ट्रॅक्टर माझ्या दारातून हलणार नाय."

मृगाआधी नांगरट उरकायची होती. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन वेळी मिळत नाही, हे सुरेखाला ठाऊक होतं. तिने लेकीकडे पाहिलं. श्रेयाने होकारार्थी मान हलवली.

"बरं. आन तसं नाय निघालं तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्री म्हणजे सखाराम. या जुन्या मॉडेलवर हात बसलेला जवळपास तो एकच उरला होता. जन्मभर करमाडला गॅरेज चालवून आता शहरात, गारखेड्यात लेकाकडे राहत होता. सकाळच्या एसटीने आला, चहा घेतला आणि पायाने नाही तर हाताने पॅडल दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"माझे पाने ह्याला लागायचे नायत," तो म्हणाला. "जुन्या मापाचे आहेत का घरात?"

कडुबाने करदोड्याची चावी काढून लोखंडी पेटी उघडली.

"कुलपात ठेवता?"

"हत्याराला पाय फुटतेत, मिस्त्री." हे बोलताना त्याची नजर वहिनीच्या दाराकडे होती.

दुपारपर्यंत ट्रॅक्टर मधोमध सुटून दोन भागांत ओट्याशेजारी उभा राहिला. खाली लाकडी ठोकळे होते. क्लचची प्लेट निघाली. काळी, काचेसारखी गुळगुळीत. कडुबाने ती हुंगली आणि वहिनीपुढे धरली.

"बघा. आता काय बोलता?"

सखारामने प्लेट त्याच्या हातातून काढून घेतली. "जळली खरी. कशानं जळली ते ही सांगत नाय." मग त्याने सकाळी सोडवून बाजूला ठेवलेली सळई उचलली. "हे सांगतंय. पॅडलपासून आतल्या बेरिंगपर्यंत ही सळई जाते. पॅडल हातानं दाबलं तर आधी अंगठ्याएवढं पोकळ जायला पायजे, मंग क्लच लागतो. हिचा नट आवळत गेलं की ते पोकळ संपतं. बेरिंग कायम दाबून राहतं. मंग पाय ठिवला काय, नाय ठिवला काय, प्लेट जळणारच."

सळई गंजलेली होती. नटाचे कोपरे मात्र लख्ख होते.

"एका दिवसाचं काम नाय हे. थोडं थोडं आवळलंय. कुणी?"

"पोरीनंच असंल," कडुबा म्हणाला.

"कशानं आवळीन मी, काका?" श्रेयाने विचारलं.

सखारामने पेटीतला पाना नटावर लावला. नेमका बसला. "ह्या मापाचा दुसरा पाना गावात असंल तर दाखवा," तो म्हणाला आणि बिडी शोधू लागला.

कडुबा नटाकडे बघत राहिला. एकाआड एक सोमवारी ट्रॅक्टर वहिनीकडून आला की त्याला पॅडल ढिलं वाटायचं. यांनी ढिलं करून ठेवलं, असं म्हणत तो पेटी उघडायचा. नट अर्धा आटा आवळायचा. पुढच्या वेळी अजून अर्धा. त्याचा हात आपसूक कंबरेला गेला आणि चावीवर थांबला. तिघेही ते बघत होते.

"म्याच आवळला," तो हळू आवाजात म्हणाला. "ढिलं हाय असं वाटलं."

सखारामने बिडी पेटवली.

"मी म्हणीन तसं, असं ठरलं व्हतं," सुरेखा म्हणाली. "पेटीचं कुलूप काढा. चावी माझ्याकडं द्या."

सखाराम प्लेट शहरात नेऊन नवं लायनिंग बसवून परत आला. ट्रॅक्टर जोडला, नट सैल केला आणि श्रेयाचा हात पॅडलवर ठेवून अंगठ्याएवढं पोकळ तिच्याकडूनच मापून घेतलं. चार दिवसांत सुरेखाचं रान नांगरून झालं.

सोमवारी ट्रॅक्टर कडुबाच्या दारात आला. श्रेया उतरून घरी गेल्यावर त्याने पॅडल हाताने दाबलं. पोकळ गेलं. त्याचा हात करदोड्याकडे गेला. तिथे चावी नव्हती. त्याने अंगठा लावून पोकळ पुन्हा मापलं. बरोबर होतं.

मग तो डिझेल मापायची काठी आणायला आत गेला.