स्ट्रोमचा पट्टा

स्ट्रोम आणि गार्व हे एकाच वेताचे दोन डियरहाउंड जातीचे शिकारी कुत्रे. माझा भाऊ टॉर्क्विल गार्वला डोंगरात हरणांमागे सोडायचा. स्ट्रोमला मी प्रदर्शनासाठी ठेवलं. अंगावर ओरखडा उठू नये म्हणून पाच वर्षं त्याला पट्ट्याशिवाय कधी बाहेर काढलं नाही.

"अगं, कुत्रा आहे तो, कपाटातली बशी नाही," टॉर्क्विल म्हणायचा.

"तुझ्या फाटक्या कानाच्या गार्वला कोण बक्षीस देतंय, बघतेच मी."

मी कोणाचं ऐकते थोडीच. इन्व्हरनेसच्या प्रदर्शनात स्ट्रोम तीनदा पहिला आला. मग गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याचं हृदय थकलंय, फार तर आठवडाभर काढेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला डोंगरावर नेलं. समोरच्या झुडपातून हरीण उठलं. मी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि म्हटलं, "जा राजा, पळ."

तो गेला नाही. चारही पाय नीट जुळवून, मान ताठ करून, परीक्षकांपुढे उभा राहायचा तसा उभा राहिला. हरीण कड्याआड गेलं तरी हलला नाही.

मग प्रदर्शनात असं उभं राहिल्यावर मिळायच्या त्या बिस्किटासाठी त्याने माझ्या खिशाला नाक लावलं. त्या दिवशी मी बिस्किटं आणली नव्हती.