रॉकेलाचा वास

माझं डोकं तापट, हे अख्ख्या कोळसेवाडीला माहीत. नळावर कुणी माझी बादली सरकवली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच मी घरी येते. म्हणून सासऱ्यांनी मला विहारात रविवारच्या ध्यानाला बसवलं. सासरे म्हणजे आमचे धोंडिबा आबा. रेल्वेतून रिटायर झाले, विपश्यनेचं शिबिर करून आले आणि माणूसच बदलला. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर हेच आबा ताट भिरकावायचे. म्हटलं, यांना जमलं तर मला का नाही?

"रतन, अधिष्ठानाचा तास म्हणजे तास," आबांनी बजावलेलं. "हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. मुंगी चावो नाहीतर आग होवो. जे येतं ते जातं. आपण फक्त बघायचं."

मी शब्द दिला.

आमचं विहार म्हणजे चाळीच्या टोकाची एक पत्र्याच्या छपराची खोली. तिच्या भिंतीला लागूनच तुळसाचं घर. तिचा नवरा महिपत पिऊन तिला मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात तुळसा दहा दिवसांच्या शिबिराला जाणार होती. तिचं नाव आबांनीच घातलेलं. मी म्हटलेलं, "जा गं बाई, दहा दिवस तरी मार चुकेल."

त्या रविवारी सकाळी वंदना झाली, पंचशील झालं, आबांनी ध्यानाची कॅसेट लावली; सुरुवातीचं थोडं बोलणं झालं की तास संपेपर्यंत तिच्यात शांतताच असते. मेणबत्त्या जळत होत्या. आम्ही डोळे मिटले. तास सरत आला असेल, तोच भिंतीपलीकडे महिपतचा आवाज चढला.

"दहा दिवस तिकडे तोंड शिवून बसणार तू? आणि माझी भाकरी कोण, तुझा बाप थापणार?"

धाडकन काहीतरी भिंतीवर आदळलं. आमच्या बाजूचा पोपडा गळून माझ्या मांडीवर पडला. पुन्हा आदळलं. ते तुळसाचं डोकं होतं, हे कळायला डोळे उघडायची गरज नव्हती. "मेले गं आई! कुणीतरी या!" ती ओरडत होती. चाळीत घराघरात टीव्हीवर सिरियल लागलेली, आवाज फुल्ल. तिकडून कोण येणार?

मी एक डोळा किलकिला केला. सगळे बसलेले. शेजारी बसलेल्या शांताबाईंच्या गालावर पाणी, पण डोळे मिटलेले. आबांच्या कपाळाची शीर उडत होती. कुणी हलेना. माझ्या हातापायांत वीज भरलेली, तरी दिलेल्या शब्दापायी दात आवळून मी डोळा मिटला. श्वास बघायचा. आत येतोय, बाहेर जातोय. नाकपुडीच्या टोकाशी लक्ष.

आणि आत येणाऱ्या श्वासाबरोबर रॉकेल आलं.

सगळ्यांनाच आलं असणार. सगळे नाकापाशीच तर बसलेले! शांताबाई खोकल्या आणि परत ताठ झाल्या. खड्ड्यात गेलं अधिष्ठान, म्हटलं. मी उठले, दाराचा लोखंडी अडसर उपसला आणि धावले.

तुळसाच्या दाराला आतून कडी. दोन लाथांत बिजागरी निघाली. ती चुलीपाशी पडलेली, कपाळ फुटलेलं, लुगडं रॉकेलानं अंगाला चिकटलेलं. महिपत काडी ओढत होता. बोटं ओली, पेटी ओली, काडी पेटेना. तो शिव्या देत दुसरी काडी काढत होता.

मी अडसर त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तो खाली बसला, तरी मी खांद्यावर हाणला, पाठीत हाणला. तोंडातून रक्त आलं, तरी हाणत होते. अजून एक डोक्यात बसला असता तर मेलाच असता मेला, आणि माझा हात उचललेलाही होता.

"वहिनी, डोळे," तुळसा चाचपडत म्हणाली. "डोळे जळतायत गं. पाणी."

मी अडसर टाकला. पिंपातला तांब्या घेऊन तिचे डोळे धुतले, अंगावर बादली ओतली आणि तिला धरून विहारात आणलं. दारातच तिला थांबवून आधी फुंकर मारून सगळ्या मेणबत्त्या विझवल्या.

कॅसेट संपली. "साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले आणि डोळे उघडले.

आबांची नजर माझ्यावर गेली. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रतन, अधिष्ठान मोडलंस."

"आबा, वास आला होता ना तुम्हाला?"

ते कॅसेट काढायला वळले.

"बोला! आला होता ना?"

"आला होता," आबा म्हणाले. आवाज फाटलेला. "मला वाटलं, माझी परीक्षा आहे."

"परीक्षा तुमची आणि जळायचं तिनं?"

"आबांना नको गं बोलूस, वहिनी," तुळसा मध्येच म्हणाली. तिचे डोळे सुजून बंद झालेले, डोकं आपटून कानही बधिर झालेले; मी आबांवर चिडलेय एवढंच तिला कळलं होतं. "त्यांना कसं कळणार? मी भिंतीवर हात आपटून आपटून हाका मारल्या. इकडून कुणी ओ दिली नाही, तेव्हाच समजले, आज ध्यान नाही. विहारात कुणी असतं तर आलंच असतं ना, आबा?"