गिरवायची राहिलेली ओळ

दगडाबाईच्या पत्र्याच्या पेटीला घरात कुणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. जावयानं एकदा ती सरकवून तिथं टीव्हीचं टेबल मांडायचं काढलं, तर बाईनं जेवणच सोडलं. शेवटी टीव्ही भिंतीला टांगावा लागला. पेटीत होतं तरी काय? वर दोन जुनी लुगडी, त्याखाली पालथं घातलेलं एक ॲल्युमिनियमचं ताट, आणि ताटाखाली एक पाटी. दगडी पाटी, लाकडी चौकटीची. चौकट एका कोपऱ्यात निखळली होती, तिथं तांब्याची तार गुंडाळलेली. ताट पालथं अशासाठी, की पाटीवरच्या अक्षरांना लुगड्यानंसुद्धा शिवू नये.

अक्षरं तिच्या नवऱ्याची, कोंडीबाची. कोंडीबा होटगीला रेल्वेत गँगमन होता, चौथीपर्यंत शिकलेला. गावात साक्षरतेची मोहीम आली तेव्हा बायकांना पाट्या वाटल्या आणि संध्याकाळी शाळेत वर्ग सुरू झाला. दगडाबाई दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी घरी बसली. लाज वाटायची हो! तिशी उलटलेल्या बाईनं पोरांच्या बाकात गुडघे दुमडून बसायचं, आणि काल परकर सोडलेल्या पोरीनं तिला शिकवायचं! मग कोंडीबानंच मनावर घेतलं. ड्यूटीवरून यायचा, हातपाय धुवायचा आणि चुलीपुढं फतकल मारायचा. ती भाकरी थापायची, तो काटवटीतल्या पिठात बोटानं 'द' काढून दाखवायचा. कधी तो 'द' भाकरीला चिकटून तव्यावर जायचा, आणि मग दोघं पोट धरून हसायची.

पाटीवर ओळ होती ती एवढीच: दगडा चहा कर.

एरवी तो तिला 'दगडे' म्हणायचा. पण मात्रा शिकवायची अजून राहिली होती. बायकोला वाचता यावं म्हणून गड्यानं मात्रा टाळली, काना दिला, आणि 'दगडे'ची 'दगडा' झाली. बायकोसाठी एवढा विचार करणारा माणूस होता, बघा. ही ओळ लिहून तो ड्यूटीवर गेला तो परत आलाच नाही. रुळावरच छातीत कळ आली म्हणे. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. होती ती ही ओळ.

तेव्हापासून बाई सणासुदीला पेटी उघडायची. श्वासानं अक्षर उडू नये म्हणून तोंडावर पदर धरून ताट उचलायची, ओळ वाचायची आणि झाकून टाकायची. हौसमौज काय ती तेवढीच.

आता ती सोलापुरात जुळे सोलापूरला लेकीकडं राहते. लेक महानंदा एका शाळेत पोषण आहार शिजवते, आणि बोलल्याशिवाय तिची खिचडी शिजत नाही. त्या शाळेत एक दिवस संघप्रिया नावाची मुलगी आली. काही निवृत्त गुरुजींनी मिळून बंद पडलेल्या एका शाळेच्या दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि जिल्ह्यात शिक्षण कसकसं पोचलं त्याचा संग्रह मांडायला घेतला होता. जुने नकाशे, शाळेच्या घंटा, रात्रीच्या वर्गातले कंदील, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या आठवणी. ते सगळं गोळा करून नीट लावायची नोकरी संघप्रियाची. महानंदानं डाव हलवता हलवता आईच्या पाटीची सगळी कथा सांगून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी पोरगी दारात हजर!

"आजी, पाटी बघू का?"

"बग. पर हात मागं बांदून."

संघप्रियानं खरंच हात मागं बांधले, वाकली, आणि वाचून फस्सकन हसली. "दगडा चहा कर? अहो आजी, हे काय!" मग एकदम ओशाळली. पण बाईला ती पोरगी तिथंच आवडली. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना पाटी दाखवली, त्यांनी तोंड सुतकी केलं होतं. अरे, त्या माणसानं विनोद केला होता, हसायला नको का!

संघप्रिया म्हणाली, "आजी, ही पाटी आमच्याकडं द्या. काचेच्या पेटीत ठेवू. खाली लिहू, नवऱ्यानं बायकोला घरी शिकवलं त्याची ही पाटी. शेकडो मुलं बघतील."

"न्हाय," बाई म्हणाली. विषय संपला.

पण संपला कुठला! ती गेल्यावर बाईच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपण आता पिकलं पान. उद्या आपण गेलो की महानंदा पेटी उघडणार, दोन टिपं गाळणार आणि ताट भांड्यांत लावणार. पाटी जाणार नातवाकडं. आणि नातू काय करणार? थुंकी लावून पुसणार आणि गाडी काढणार. मेल्यावर आपण आडवं तरी कसं यावं? चार दिवस बाईचं हेच चाललं. पाचव्या दिवशी लेकीला म्हणाली, "बोलाव त्या पोरीला."

संघप्रियाला समोर बसवून बाईनं वदवून घेतलं. "कुनी हात लावनार न्हाय?"

"नाही आजी."

"तुजा सायब?"

"साहेबसुद्धा नाही. मी आहे ना."

पोरीनं पाटी मांडीवर आडवी धरून रिक्षातून नेली. बाई गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षाबरोबर चालत गेली. घरी आल्यावर पेटी उघडली, सवयीनं पदर तोंडाशी धरला आणि ताट उचललं. खाली नुसता पत्रा. लेक सासरी घालवल्यावर घर खायला उठतं, तसं तिला झालं. मनात म्हणाली, काय केलंस गं दगडे हे! जितेपणीच दिलंस?

पुढचे दिवस तिनं कसे काढले तिचं तिला माहीत. संग्रहाचं उद्घाटन कधी, उद्घाटन कधी, असं महानंदाला विचारून विचारून तिनं भंडावून सोडलं. तिला उद्घाटनाचं कौतुक नव्हतं. तिला ओळ बघायची होती.

तो दिवस आला. बाईनं ठेवणीतलं इरकल नेसलं. सोलापूरचं ऊन सकाळीच तापलेलं, आणि रिक्षा मिळेना म्हणून मायलेकी अर्धा रस्ता चालल्या. पोचल्या तर कार्यक्रम सुरू झालेला. दारात रांगोळी, आत माईक, खुर्च्यांवर पांढऱ्या केसांची सगळी गुरुजी मंडळी. संघप्रिया पुढं गर्दीत पाहुण्यांच्या सत्काराच्या चादरी सांभाळत उभी. आणि मधल्या टेबलाशी सफारीतले एक अधिकारी हातात पेन्सिल घेऊन पाटीवर काहीतरी रेखत होते. त्यांनी पाटी उचलून सगळ्यांना दाखवली. मोठा, वळणदार 'अ'. टाळ्यांचा कडकडाट झाला.

महानंदानंसुद्धा टाळी वाजवली. बाईचे हात मात्र वर गेलेच नाहीत. पाटीच्या कोपऱ्यात तांब्याची तार चकाकत होती.

"माज्या मालकाचं अक्षर कुनी पुसलं?"

आवाज मोठा नव्हता, पण टाळ्या थांबायला आणि बाई बोलायला एकच गाठ पडली. सगळ्या माना वळल्या. संघप्रियानं टेबलाकडं पाहिलं आणि तिच्या हातातल्या चादरी खाली पडल्या.

"आता मुकी झाली व्हय रं समदी? कुनी पुसलं?"

"मी पुसली, अक्का," शिवानंद सर उभे राहिले.

शिवानंद सर म्हणजे या संग्रहाचे कर्ते. सारा जन्म पहिलीचा वर्ग घेतला. माणूस देवासारखा, पण हाताला लागलेली सवय देवाला तरी कुठं सुटते? फीत कापण्यापेक्षा जुन्या पाटीवर 'अ' काढून उद्घाटन करावं, ही कल्पना त्यांचीच. काच बसवणारा आलेला नव्हता, पाट्या टेबलावर उघड्याच होत्या. सगळ्यांत धड हीच दिसली. वर्ग सुरू व्हायचा म्हणजे पाटी कोरी हवी, म्हणून रुमाल ओला केला आणि पुसून टाकली. जन्मभर तेच तर केलं होतं. वर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंदेखील नाही.

"पुसलीसा? इतकी वर्सं मी तिच्यावर वारा लागू दिला न्हाय! पोरं रडली, दिली न्हाय. पूर आला तवा डोस्क्यावर घिऊन हुबी रायले. आनि तुमी फडकं मारलंसा?"

"माझं चुकलं, अक्का."

"चुकलं म्हनून अक्षर येतंय व्हय माघारी?"

सर लहान पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी पाटी हळूच टेबलावर ठेवली. त्यांचा तो सुंदर 'अ' आता कुणाला बघवेना.

बाई मट्कन खुर्चीत बसली. राग जिथून आला होता तिथं आता नुसतं पोकळ झालं होतं. बोलली ती कुणाकडं न बघता, जणू स्वतःशीच. "ड्यूटीवर जाताना वळ लिवून दिली. म्हनले, मी येस्तवर गिरवून ठेव. मी एक एक अक्षर लावून वाचलं आनि हसूच फुटलं मला. म्हनलं, थांबा, चहाच करून ठिवते. गिरवायचं काय, मागनं गिरवू. चुलीवर आधन ठिवलं, आनि गँगची मानसं आली दारात. मग कशी गिरवू? वरनं पेन्सिल फिरवली तर माजं अक्षर हुनार, त्येंचं जानार. म्हनून ठिवली तशीच. मास्तरनी सांगितलेलं काम माजं ऱ्हायलंच."

महानंदानं आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकलं. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि ती हमसून रडायला लागली. आई रडत नव्हती.

संघप्रिया मात्र मधेच आतल्या खोलीत पळाली होती. परत आली ती एक कागद घेऊन. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूचा आधी फोटो काढून ठेवायचा, हे तिचं रोजचं काम. पाटीचाही काढला होता, रिक्षातून उतरल्या उतरल्या. तो तिनं पाटीएवढाच मोठा छापून आणला होता.

"आजी, मी शब्द पाळला नाही. पण हे एवढं आहे."

बाईनं कागदाकडं बघितलंच नाही. "फोटू हाय त्यो. त्यात त्येंचा हात कुटं हाय?"

"नाही आजी. हात नाही."

पोरगी खोटं बोलली नाही म्हणून असेल, बाईनं मान वळवली. कागदावर काळी पाटी होती, तांब्याची तार होती आणि ओळ होती. दगडा चहा कर. 'द'ची गाठ जराशी मोठी, 'ह' पडतो की काय असा, 'र'चं शेपूट घाईनं ओढलेलं. ड्यूटीला उशीर होत होता ना. बाईनं सवयीनं पदर तोंडाशी नेला. मग तिच्या लक्षात आलं, आता कशाला? हे काही उडायचं नाही.

तिनं पदर सोडला. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं, थबकली, आणि 'द'वर टेकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. झटकन बोट उचलून पाहिलं. 'द' होता तिथंच होता. मग ती वाकली, जीभ दातांत धरली आणि गिरवायला लागली. द. ग. डा. कान्याशी बोट वरून खाली नीट आणलं. सगळी गुरुजी मंडळी जागच्या जागी उभी होती. च. हा. बोट रेघ सोडत नव्हतं. क. र. शेपटापर्यंत गेली आणि थांबली.

ओळ तशीच्या तशी होती. दगडाबाईनं मान वर केली, चुलीपुढं बसलेल्या माणसाकडं करावी तशी, आणि आता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"अवो, झालं की गिरवून," ती म्हणाली. "फुडची वळ द्या की."